डिझायनर हँडबॅग खरी की नकली? गोव्यातल्या खरेदीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळंगुटच्या रस्त्यावर दीड हजाराला मिळणारी ‘लुई व्हिटॉन’ खरी नसते, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि विकणाऱ्यालाही. तिथे फारसे कोणी फसत नाही. पैसे बुडतात ते ‘फक्त दोनदा वापरलेली, दुबईहून आणलेली, कार्डसकट’ अशा सत्तर-ऐंशी हजारांच्या बॅगेत. पुढची उत्तरे मुख्यतः अशा बॅगेसाठी आहेत.

‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘मिरर’, ‘७ए’ यांत फरक काय?

ही विक्रेत्यांनी पाडलेली नावे आहेत. त्यांना कसलेही प्रमाण नाही. एकाची ‘फर्स्ट’ दुसऱ्याची ‘मास्टर’ असते. ढोबळमानाने बाजारात तीन थर दिसतात. सगळ्यात खालचा माल रेक्झिनचा असतो, त्यावर छापील नक्षी आणि हलक्या पत्र्याच्या कड्या. मधल्या थरात जाड पीयू (पॉलियुरेथेनचे कृत्रिम चामडे), बरी शिवण, खोका आणि डस्ट बॅगही येते. वरच्या थराला हल्ली ‘सुपरफेक’ म्हणतात. त्यात खरे चामडे असते, कड्यांना वजन असते, आणि किंमत दहापंधरा हजारांपासून लाखाच्या आसपास जाते. कायद्याच्या दृष्टीने तिन्ही सारख्याच: दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह लावलेला बनावट माल.

‘एक्स्पोर्ट सरप्लस’ किंवा ‘कारखान्यातला रिजेक्ट माल’ खरा असू शकतो का?

टी-शर्टच्या बाबतीत असू शकतो. लुई व्हिटॉन, शनेल, एर्मेस यांच्या बॅगांच्या बाबतीत नाही. हे ब्रँड आपल्या कार्यशाळांवर आणि पुरवठादारांवर कडक हिशेब ठेवतात आणि उरलेला माल स्वस्तात बाहेर सोडत नाहीत. या वर्गातल्या कंपन्यांना स्वस्त विक्रीची किती धास्ती असते याचे उदाहरण म्हणजे बर्बेरी. २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात तिने २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला. टीका झाल्यावर २०१८ मध्ये ही पद्धत बंद केल्याचे तिने जाहीर केले. माल जाळून टाकणे पत्करले, पण अर्ध्या किमतीत विकला नाही. तोच माल हणजूणच्या बुधवारच्या बाजारात किंवा हडफड्याच्या शनिवारच्या रात्रबाजारात कसा पोचेल, याचा विचार करावा.

या ब्रँडचे सेल कधीच लागत नाहीत का?

लुई व्हिटॉन सेल लावत नाही आणि तिची सवलतीची आउटलेट दुकानेही नाहीत. शनेलच्या क्लासिक बॅगा आणि एर्मेसच्या ‘बर्किन’ किंवा ‘केली’ या बॅगा सवलतीत मिळत नाहीत. शनेल तर हँडबॅगा ऑनलाइन विकतच नाही, त्यामुळे ‘शनेल ऑफिशियल ऑनलाइन सेल’ असे काही दिसले की ते पान बंद करावे. शनेलच्या मध्यम आकाराच्या क्लासिक फ्लॅपची युरोपातली किंमत २०२४ मध्ये १०,००० युरोंच्या पुढे गेली. ती कोणी ‘नवी, ४५ हजारांत’ देत असेल तर भिंगाची गरजच उरत नाही.

कोच आणि मायकल कोर्स यांचे मात्र वेगळे. त्यांची आउटलेट दुकाने असतात, मोठ्या सवलती खऱ्याच लागतात. तिथे कमी किमतीवरून काहीच सिद्ध होत नाही.

गोव्यात खरी बॅग मिळते तरी कुठे?

लुई व्हिटॉन २००३ पासून भारतात आहे, पण तिची दुकाने दिल्ली, मुंबई, बंगळुरूसारख्या महानगरांत. एर्मेसचे मुंबईतले दुकान हॉर्निमन सर्कलला आहे. या वर्गातल्या ब्रँडचे दुकान गोव्यात आहे असे कोणी सांगितले, तर त्या ब्रँडच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील दुकानांच्या यादीत गावाचे नाव शोधावे. यादीत नसेल तर दुकान कितीही चकचकीत असले तरी ते अधिकृत नाही. मधल्या किमतीचे ब्रँड टाटा क्लिक लक्झरी, अजिओ लक्स यांसारख्या ठिकाणी मिळतात.

राहिला पर्याय सेकंड हँडचा, आणि खरे जोखमीचे काम तेच.

बॅग हातात घेण्याआधी काय तपासायचे?

बिल. बहुतेकजण उलट करतात: आधी तासभर लोगो न्याहाळतात आणि बिलाचे छायाचित्र ‘आहे ना’ म्हणून सोडून देतात. बिलावर पाच गोष्टी बघाव्यात.

जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे. गोव्याचे ३०, महाराष्ट्राचे २७, दिल्लीचे ०७, कर्नाटकचे २९. बिल मुंबईच्या दुकानाचे आणि क्रमांकाची सुरुवात ०७ ने, असे असेल तर तिथेच थांबावे. सुरुवात जुळली तर पूर्ण क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते बघावे. यासाठी लॉगिन लागत नाही. मग बिलावरचा मॉडेल क्रमांक इंटरनेटवर शोधावा आणि रंग, आकार, कड्यांचा रंग (सोनेरी की चंदेरी) समोरच्या बॅगेशी जुळतो का ते पाहावे. तारखेला ते मॉडेल बाजारात आलेले होते का, हेही. शेवटचे: २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांहून जास्त किमतीच्या हँडबॅगेवर दुकानदाराला १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गिऱ्हाइकाकडून घ्यायचा प्राप्तिकर) गोळा करावा लागतो. त्या तारखेनंतरच्या बारा लाखांच्या बिलावर टीसीएसची ओळ नसेल तर प्रश्न विचारायला हवा.

खरे बिल दुसऱ्याच बॅगेला जोडून विकणे ही जुनी युक्ती आहे. म्हणून बिल खरे ठरले तरी काम संपत नाही. खोटे ठरले तर मात्र संपते.

बॅग हातात आल्यावर कोणत्या क्रमाने बघावे?

लोगो शेवटी. नकली बनवणारे सगळी मेहनत लोगोवर घेतात. जिथे गिऱ्हाईक बघत नाही तिथे पैसे वाचवतात. म्हणून आतून बाहेर यावे.

बॅग पूर्ण उघडून वास घ्या. नवीन चामड्याचा वास असतो, पण डोक्यात जाणारा गोंदाचा किंवा गरम प्लास्टिकचा नसतो. अस्तर चिमटीत धरून ओढून बघा. तळाशी ते सैल फुगत असेल, कोपऱ्यात गोळा होत असेल, तर कापणी चुकलेली आहे. आतल्या खिशाची शिवण मुद्दाम बघा, कारण घाई तिथेच दिसते: टाके तिरके सुटलेले, शेवटी दोऱ्याची गाठ बाहेर, किंवा सुटे टोक लायटरने जाळून काळा मणी झालेला.

मग कडा. चामड्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडेवर रंगाचे थर चढवलेले असतात. चांगल्या कामात एक थर लावायचा, वाळवायचा, घासायचा, पुन्हा लावायचा असे चालते, म्हणून कड गोलसर, सलग आणि घट्ट लागते. नकलीत एकच जाड थर ओतलेला असतो. तो नखाने दाबला तर खड्डा पडतो, पट्टा वाकवला तर तडा जातो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत बोटाला चिकटतो.

चेन पूर्ण उघडा आणि बंद करा, दोनतीन वेळा. रनर कोपऱ्यावर अडत असेल तर चेन ताणून शिवली आहे. रनरच्या मागच्या बाजूला काय कोरले आहे ते वाचा. एक गैरसमज मात्र सोडून द्या: ‘वायकेके दिसले की नकली’ हे खरे नाही. प्राडा तर लाम्पो, वायकेके, रिरी, ओप्टी अशा वेगवेगळ्या कंपन्यांच्या चेन वापरत आली आहे. उलट खऱ्या वायकेकेची नक्कलही भरपूर होते.

कड्या आणि कुलुपे उचलून बघा. वजन हा कच्चा पुरावा आहे, कारण सुपरफेकमधल्या कड्या जडच असतात. त्यापेक्षा कोरलेल्या अक्षराचा तळ बघा. खऱ्यात अक्षर खोल, तळ सपाट, कडा तीक्ष्ण. ओतीव जस्ताच्या मालात अक्षर साच्यातूनच येते, त्यामुळे कडा विरघळल्यासारख्या दिसतात. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन दोनतीन पट मोठे केले तरी हे कळते. वीस-तीस पटींचे सोनाराचे भिंग असेल तर उत्तमच.

लुई व्हिटॉनसाठी खास खुणा कोणत्या?

पहिली गोष्ट: प्रसिद्ध मोनोग्राम बॅगेचे मुख्य अंग चामड्याचे नसतेच. १८९६ मध्ये जॉर्ज व्हिटॉन यांनी आणलेली ही नक्षी आज लेप दिलेल्या सुती कॅनव्हासवर छापतात. म्हणून ‘रेक्झिनसारखी लागते, नकलीच असणार’ ही शंका चुकीची आहे. चामडे असते ते हँडल, पट्टे आणि पायपिनला, आणि ते न रंगवलेले गायीचे चामडे असते. त्याला वाशेटा म्हणतात.

गोव्यात सगळ्यात उपयोगी खूण हीच. वाशेटा नवीन असताना फिकट बदामी असतो आणि ऊन, हवा, हाताचा घाम लागून हळूहळू मधासारखा, मग तपकिरी होतो. पावसाचे थेंब पडले तर डाग राहतात. आता विक्रेती म्हणते बॅग सहा वर्षे वापरली, आणि हँडल दुकानातून काल आणल्यासारखे पांढरट. एकतर ते प्लास्टिकचा लेप दिलेले आहे किंवा हँडल बदललेले आहे. बदलले असेल तर त्याची पावती मागा. उलट काही नकली मालात ‘जुनेपणा’ दाखवण्यासाठी चामडे आधीच नारिंगी रंगवतात. तो रंग सगळीकडे सारखा असतो. खऱ्यात हात लागतो तिथे गडद, शिवणीच्या घडीत फिकट.

स्पीडी आणि कीपऑल ही मॉडेले परंपरेने कॅनव्हासच्या एकाच अखंड तुकड्यातून बनतात, तळाला जोड नसतो. म्हणून पुढच्या बाजूला ‘एलव्ही’ सरळ असतील तर मागच्या बाजूला उलटे येतात. कित्येकांनी हे पाहूनच खरी बॅग नकली ठरवली आहे. नक्षी डावी-उजवीकडे समतोल हवी. छापात दोन ‘टी’ जवळजवळ चिकटलेले, ‘ओ’ खरोखर गोल, आणि ‘एल’चा आडवा पाय आखूड. दोरा मोहरीच्या पिवळ्या छटेचा, मेण लावलेला; लिंबासारखा भडक पिवळा नाही.

डेट कोड कसा वाचायचा?

लुई व्हिटॉनच्या बॅगेत आत छापलेला हा कोड म्हणजे दोन अक्षरे आणि चार अंक. १९९० ते २००६ या काळात पहिला आणि तिसरा अंक मिळून महिना, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. २००७ पासून पहिला-तिसरा म्हणजे आठवडा, दुसरा-चौथा म्हणजे वर्ष. उदाहरणार्थ १०४८ हे अंक: पहिला-तिसरा १४, दुसरा-चौथा ०८, म्हणजे २००८ चा चौदावा आठवडा. आता ६१३७ घ्या. पहिला-तिसरा ६३. वर्षात ६३ आठवडे नसतात, ६३ महिने तर नाहीतच. हा कोड कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

बसणारा कोड मात्र खरेपणाचा पुरावा नव्हे. तो प्रत्येक बॅगेचा वेगळा क्रमांक नसून बनवल्याची जागा आणि काळ सांगतो. नकली बनवणारे एकच बरोबर कोड हजार बॅगांवर मारतात. मार्च २०२१ पासून कंपनीने डेट कोड बंद करून आत मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. म्हणून ‘२०२३ ची, डेट कोडसकट’ अशी जाहिरात दिसली तर विक्रेत्याला स्वतःलाच माहिती नाही, किंवा तुम्हाला नाही असे त्याने धरले आहे.

चिप फोनने वाचता येते का? ‘स्कॅन होते’ म्हणजे खरी ना?

नाही. लुई व्हिटॉनची चिप ग्राहकाने फोनवर तपासावी म्हणून दिलेली नाही. स्वस्त एनएफसी चिप (फोन जवळ नेला की वाचली जाणारी) कोणीही विकत घेऊन बॅगेत शिवू शकतो. फोन लावला की ब्रँडसारखे दिसणारे पान उघडते आणि हिरवी खूण येते. त्या पानाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. बऱ्याचदा नावात एक जादा अक्षर किंवा आडवी रेघ असते.

कार्ड, खोका, डस्ट बॅग, सगळे आहे. मग?

सगळे वेगळे विकत मिळते. लुई व्हिटॉन आणि एर्मेस ‘ऑथेंटिसिटी कार्ड’ देतच नाहीत, तेव्हा त्यांच्या बॅगेसोबत प्लास्टिकचे कार्ड आले तर ते बॅगेच्या विरोधातले साक्षीदार आहे. शनेल कार्ड देत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आत क्रमांकाचे स्टिकर आणि तोच क्रमांक छापलेले कार्ड, अशी पद्धत होती. २०२१ मध्ये ती जाऊन चिप असलेली धातूची पट्टी आली. स्टिकर आणि कार्डावरचा क्रमांक जुळायला हवाच, पण दोन्ही नकली असून जुळणे सोपे आहे.

शनेल आणि एर्मेस ओळखायचे कसे?

शनेलची चौकटीची शिवण बघा. पाठीमागच्या खिशावरच्या चौकटी बॅगेच्या अंगावरच्या चौकटींशी सलग जुळतात, झाकणाखालीही. एका चौकटीच्या एका बाजूला साधारण ९ ते ११ टाके असतात. नकलीत ते कमी आणि लांब असतात, त्यामुळे चौकटी फुगत नाहीत, चपट्या पडतात. कुलपावरच्या दोन ‘सी’ एकमेकांत अडकलेल्या असतात: वर उजवी ‘सी’ डावीच्या वरून जाते, खाली डावी उजवीच्या वरून. झाकण उघडून कुलपामागची पट्टी बघा. तिथे चौफुलीचे साधे स्क्रू असतील तर शंका घ्या.

एर्मेसच्या बर्किनची मुख्य शिवण हाताने, दोन सुयांनी, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याने घातलेली असते. खोगीर शिवायची तीच पद्धत. टाके किंचित तिरके पडतात आणि अगदी एकसारखे नसतात. इथे गंमत अशी, की मशीनसारखी निर्दोष सरळ रेघ हीच नकलीची खूण ठरते. कुलूप आणि किल्ल्यांवरचा क्रमांक एकच असतो, पण तो कुलपाचा क्रमांक आहे, बॅगेचा नव्हे. गायिका-अभिनेत्री जेन बर्किनसाठी बनवलेली मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. त्या बातमीनंतर ‘व्हिंटेज बर्किन’च्या जाहिरातींकडे जरा जास्तच डोळसपणे पाहावे.

या दोन ब्रँडच्या सुपरफेक नुसत्या नजरेने ओळखण्याचा हट्ट धरू नये. लाखाच्या वरचा व्यवहार असेल तर पैसे देऊन तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या. एन्ट्रुपीसारख्या सेवा सूक्ष्मदर्शकाच्या छायाचित्रांवरून तपासतात. ब्रँडचे दुकान जुन्या बॅगेला ‘खरी’ असा दाखला देत नाही.

गुच्ची, प्राडा, कोच?

गुच्चीच्या आत चामड्याच्या चकतीमागे अंकांच्या दोन ओळी असतात. वरची मॉडेलची, खालची पुरवठादाराची. वरची ओळ शोधा, समोरचेच मॉडेल आले पाहिजे. प्राडाच्या नावातल्या ‘आर’चा तिरका पाय आणि वरची गोलाई यांच्यामध्ये बारीक खाच असते. कोचच्या आतल्या चामडी पट्टीवरचा क्रमांक प्रत्येक बॅगेला वेगळा नसतो, त्याचे शेवटचे अंक मॉडेलचे असतात. त्या अंकांच्या आधी ‘एफ’ असेल तर ती आउटलेटसाठी बनवलेली, पण खरीच. लहान बॅगांत ही पट्टी नसतेही.

‘मेड इन’ वाचतानाही हाच विवेक हवा. कोच किंवा मायकल कोर्स व्हिएतनाम, कंबोडिया, चीनमध्ये बनते, ते ठीकच. लुई व्हिटॉन फ्रान्स, स्पेन, इटली आणि अमेरिकेतही बनते. टेक्सासमध्ये तिची कार्यशाळा २०१९ पासून आहे.

काडी लावून चामडे तपासावे का?

अजिबात नाही. खरी बॅग असली तर तुम्हीच ती बाद केली. पाण्याचा थेंबही वाशेट्यावर टाकू नका. पट्ट्याचे भोक किंवा न रंगवलेली आतली बाजू भिंगातून बघा: चामड्यात विस्कटलेले तंतू दिसतात, रेक्झिनमागे कापडाची वीण.

ऑनलाइन घेताना कोणते फोटो मागायचे?

पुढून, मागून, तळ, चारही कोपरे, हँडल जिथे जोडले आहे ती जागा जवळून, आतला छाप, कोड किंवा चकती, रनरची मागची बाजू, कुलपामागची पट्टी, आणि अस्तर बाहेर ओढून. प्रत्येक फोटोत आजची तारीख आणि तुमचे नाव लिहिलेला कागद बाजूला ठेवायला सांगा. खरी बॅग ज्याच्याकडे आहे त्याला दहा मिनिटे लागतात. ‘मॅडम, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ हे उत्तर आले तर ते गिऱ्हाईक त्याला लखलाभ.

पैसे शक्यतो क्रेडिट कार्डाने द्या, कारण वाद नोंदवून रक्कम परत मागायची सोय त्यात असते. यूपीआयने गेलेले पैसे विक्रेत्याच्या मर्जीवर. पार्सल उघडताना कुरिअरची चिठ्ठी दिसेल असा, मध्ये न थांबवलेला व्हिडिओ काढा.

दुबईच्या करामा बाजारातून किंवा बँकॉकहून कोणी आणली तर कस्टम्स पकडतात का? जहाजावरचे लोक तर नेहमी आणतात.

भारतात आयात मालातली बनावट चिन्हे रोखण्यासाठी २००७ चे नियम आहेत. वैयक्तिक सामानातल्या, विक्रीसाठी नसलेल्या वस्तूंना त्यांतून वगळले आहे. म्हणून मोपा किंवा दाबोळीला उतरणाऱ्या प्रवाशाच्या खांद्यावरच्या एका बॅगेचा सहसा प्रश्न येत नाही. एकाच नक्षीच्या बारा पर्स बॅगेत भरल्या तर ‘भाच्यांसाठी आहेत’ हे पटवणे अवघड. करमुक्त मर्यादेचा हिशेब वेगळा आहेच.

युरोपात जाणाऱ्यांनी, म्हणजे तारवटी (जहाजावर काम करणारे), पोर्तुगालला स्थायिक झालेले आणि त्यांना भेटायला जाणारे नातेवाईक, यांनी जास्त जपावे. इटलीत बनावट वस्तू विकत घेणाऱ्यालाही ७,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्समध्ये वस्तू जप्त होते, आणि कायद्यात ३ लाख युरोंपर्यंत दंड व ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पॅरिसच्या विमानतळावर कळंगुटची पर्स मिरवण्याची हौस महागात पडेल.

पावसाळ्यानंतर बॅगेची साल सुटू लागली. म्हणजे ती नकलीच होती?

बहुधा, पण नेहमी नाही. पीयूचा वरचा थर हवेतल्या बाष्पाने रासायनिकरीत्या तुटत जातो. गोव्यात जून ते सप्टेंबर कपाटात बंद राहिलेली पीयू बॅग दोनचार पावसाळ्यांत पापुद्रे टाकते, वापरली नाही तरी. खऱ्या चामड्याला साल सुटत नाही, त्यावर बुरशी येते. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर उलट जरा हायसे वाटायला हरकत नाही.

अपवाद महत्त्वाचा: १९९० च्या दशकातल्या खऱ्या लुई व्हिटॉन, गुच्ची, प्राडा बॅगांपैकी काहींच्या आतल्या खिशांचे कृत्रिम अस्तर दमटपणात चिकट होऊन सुटते. ‘जपानची व्हिंटेज’ घेताना खिशात हात घालून बघावाच. बोटे चिकटली तर बॅग खरी असूनही अस्तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करावा.

ठेवायची पद्धत: प्लास्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात. आत कोरा पांढरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. सिलिका जेलच्या दोनतीन पुड्या, आणि पंधरा दिवसांनी पंख्याखाली तासभर. बुरशी कोरड्या मऊ फडक्याने घराबाहेर पुसा. खोबरेल तेल लावू नका. आपल्याकडे सगळ्यालाच लावतात, पण चामडे काळे पडते.

नकली बॅग विकत घेणे गुन्हा आहे का?

स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्याला ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ शिक्षा सांगत नाही. विकणाऱ्याला सांगतो: कलम १०४ नुसार ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. विक्रीसाठी जवळ बाळगणेही त्यात येते. पोलिस उपअधीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी वॉरंटशिवाय झडती घेऊन माल जप्त करू शकतो, मात्र आधी ट्रेड मार्क्स निबंधकांचे मत घ्यावे लागते.

हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘फर्स्ट कॉपी, घरपोच’ विकणाऱ्या गृहिणींनाही लागू आहे. ‘मी कॉपी आहे असे स्पष्ट सांगूनच विकते’ हा बचाव गिऱ्हाईकापुढे चालतो, कलम १०४ पुढे नाही.

फसवणूक झाली. आता काय करायचे?

बॅग वापरणे थांबवा. टॅग, खोका, संभाषण, पैसे दिल्याची नोंद आहे तशी ठेवा. विक्रेत्याला लेखी कळवा, फोनवर नव्हे. ऑनलाइन संकेतस्थळावरून घेतली असेल तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. बनावट निघालेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘नो रिटर्न’ छापलेले असले तरी.

तिथे हलले नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोग. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन आहेत. विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षे.

विक्रेता दुकानदार नसून एकदाच आपली बॅग विकणारी व्यक्ती असेल तर ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा चालत नाही. तिथे फसवणुकीची पोलिस तक्रार. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, कारण रक्कम गोठवायची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

लोगो नसलेली, पण डिझाइन मिळतीजुळती बॅग?

नाव, चिन्ह किंवा नोंदणीकृत नक्षी नसेल तर ती ‘बनावट’ या व्याख्येत सहसा बसत नाही, नक्कल मात्र असू शकते. नकलेचा रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो, हे जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला उतरवल्या तेव्हा दिसलेच. टीका झाल्यावर मूळ भारतीय असल्याचे तिने मान्य केले. दहापंधरा हजारांत टिकाऊ चामडेच हवे असेल तर पुदुचेरीचा, १९७८ पासूनचा हायडिझाइन किंवा धारावीतल्या कारागिरांचा बिनलोगोचा माल कुठल्याही ‘मास्टर कॉपी’पेक्षा जास्त पावसाळे काढतो.

नकली निघालेली बॅग पुढे विकून पैसे काढता येतील का?

माहीत असून विकलीत तर तुम्हीच कलम १०४ मधल्या विक्रेत्या झालात. माहीत नसताना विकली असेल तर कायद्यात बचाव आहे: वाजवी काळजी घेतली होती हे दाखवायचे आणि कोणाकडून घेतली ते सांगायचे. त्यासाठीच मूळ बिल आणि संभाषण जपायचे. तक्रार चालू असेपर्यंत बॅग पुरावा आहे, तेव्हा टाकून देऊ नका. निकाल लागल्यावर बाद करायची तर आधी चिन्हाची पट्टी आणि नक्षीचा भाग कात्रीने कापा, मग कचऱ्यात द्या. अख्खी दिली तर चवथीच्या आत ती पुन्हा कुठल्या तरी गाड्यावर टांगलेली दिसेल.